नितळ पाणी, निर्मळ पाणी : कासवाची टाकी आणि अतिनील दिवा

कासवाच्या टाकीतील हिरवे पाणी अतिनील दिव्याने काही दिवसांत नितळ होते. मात्र नितळ दिसणारे पाणी निर्मळ असतेच असे नाही. क्षारयुक्त पाणी, काळी माती आणि प्रखर उन्हाळा लाभलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हा दिवा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याचा हा ऊहापोह.

देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला पाणी लागत नाही आणि ते पाणी घाणही करीत नाही. घरी आणलेल्या जिवंत पाणकासवाची गोष्ट वेगळी आहे. ते पाण्यातच खाते, पाण्यातच विष्ठा टाकते आणि उरलेल्या खाद्याचे तुकडे नखांनी फाडून पाण्यातच पसरविते. त्याच आकाराच्या माशाच्या तुलनेत कासव पाणी कितीतरी अधिक घाण करते. त्यात यवतमाळचा उन्हाळा. पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकू लागला की खिडकीजवळची काचेची टाकी किंवा अंगणातील सिमेंटचा हौद चार-आठ दिवसांत हिरवागार होतो. पाण्याला कुबट वास येऊ लागतो. मग दुकानदाराच्या सल्ल्याने अतिनील किरणांचे निर्जंतुकीकरण यंत्र, म्हणजेच बोलीभाषेतील 'यूव्ही', घरात येते.

यंत्र बसविल्यानंतर आठवड्याभरात पाणी स्वच्छ दिसू लागते, हे खरे आहे. परंतु त्यामुळे टाकी स्वच्छ झाली असा समज करून घेणे कासवाच्या आणि घरातील लहान मुलांच्याही प्रकृतीला महागात पडू शकते. या दिव्याची शक्ती मोठी आहे, पण तिचे क्षेत्र फार लहान आहे. जे जिवाणू आणि जे शेवाळ पाण्याबरोबर वाहत त्याच्यासमोरून जाते, त्यावरच तो परिणाम करू शकतो. टाकीतील उरलेल्या घाणीशी त्याचा काहीही संबंध येत नाही.

प्रकाशाने जंतू मरतात

सूर्यप्रकाशात जंतू तग धरत नाहीत हे आपल्याकडे अनुभवाने ठाऊक होते. अंथरुणे उन्हात टाकण्याची रीत त्यातलीच. त्याला प्रयोगाचा आधार १८७७ साली मिळाला. आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या इंग्लंडमधील दोन संशोधकांनी सूर्यप्रकाशामुळे जिवाणूंची वाढ थांबते असे दाखवून दिले. पुढे प्रकाशकिरणांनी त्वचेच्या क्षयावर उपचार करणारे डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांना १९०३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रान्समधील मार्सेय शहरात १९१० साली अतिनील किरणांनी पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. म्हणजेच आज दुकानात नवलाईने विकले जाणारे हे तंत्र शंभराहून अधिक वर्षांचे आहे.

अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन प्रकार मानले जातात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरपर्यंतचे 'ए', २८० ते ३१५ पर्यंतचे 'बी' आणि १०० ते २८० पर्यंतचे 'सी'. सूर्याकडून येणारे 'सी' किरण वातावरणातच शोषले जातात, जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे पृथ्वीवरील सूक्ष्मजीवांना त्यांच्याविरुद्ध बचाव उभारण्याची गरज पडली नाही. निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. त्यातून प्रामुख्याने २५४ नॅनोमीटरचे किरण बाहेर पडतात. पेशीतील डीएनए नेमक्या याच पट्ट्यातील किरण मोठ्या प्रमाणावर शोषून घेतो. त्यामुळे डीएनएच्या साखळीतील शेजारचे घटक एकमेकांना चिकटतात आणि पेशीला आपली प्रत काढता येत नाही. तो जिवाणू त्याच क्षणी मरतो असे नव्हे. पण त्याचा वंश थांबतो. आणि ज्याची संख्या वाढू शकत नाही, तो रोगही पसरवू शकत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. काही जिवाणूंना दृश्य प्रकाशाच्या मदतीने हे नुकसान भरून काढता येते. मात्रा अपुरी पडली आणि पाणी लगेच उघड्या उन्हातल्या हौदात गेले, तर अर्धमेले जिवाणू पुन्हा सावरतात. म्हणून किरणांची मात्रा पुरेशी असणे हेच या तंत्रातील खरे मर्म होय.

वेग आणि मात्रा

यंत्राची रचना साधी असते. बंद नळकांड्यात मध्यभागी दिवा, दिव्याभोवती क्वार्ट्झ काचेची नळी आणि त्या नळीभोवतीच्या पोकळीतून वाहणारे पाणी. साधी काच 'सी' किरण अडविते, म्हणून क्वार्ट्झ लागते. पंप टाकीतील पाणी आधी फिल्टरमधून आणि नंतर या नळकांड्यातून नेतो आणि परत टाकीत सोडतो.

पाण्याला मिळणारी मात्रा दोन गोष्टींवर ठरते. एक, किरणांची तीव्रता आणि दुसरी, पाणी दिव्यासमोर किती वेळ राहते तो अवधी. पिण्याच्या पाण्यासाठी अनेक देशांतील मानकांमध्ये ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर ही मात्रा धरली जाते. बहुतेक जिवाणू याहून पुष्कळ कमी मात्रेत निकामी होतात. काही विषाणू आणि माशांवरील काही परजीवी मात्र याहून अधिक मात्रा मागतात. पंप जितका वेगवान, तितका पाण्याचा दिव्यासमोरील मुक्काम कमी. 'मोठा पंप म्हणजे जास्त स्वच्छता' हा समज येथे उलटा ठरतो. पाणी सुसाट धावत गेले तर जंतूंना किरणांचा केवळ ओझरता स्पर्श होतो.

दुसरी बाब फेऱ्यांची. समजा, टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि पाणी एक फूट खोल आहे. म्हणजे पाणी झाले साडेचार घनफूट, सुमारे १२७ लिटर. ताशी ५०० लिटरचा पंप तासाला हे पाणी साधारण चार वेळा फिरवील. पण एका फेरीत सारे पाणी दिव्यासमोरून जात नाही, कारण शुद्ध झालेले पाणी उरलेल्या पाण्यातच मिसळते. गणिताने पाहता, टाकीच्या आकारमानाएवढे पाणी एकदा फिरले तरी सुमारे ३७ टक्के पाणी दिव्यापुढे आलेलेच नसते. दोन फेऱ्यांनंतर हे प्रमाण सुमारे १४ टक्के, तीन फेऱ्यांनंतर ५ टक्के आणि चार फेऱ्यांनंतर २ टक्क्यांच्या आत येते. याच काळात टाकीच्या तळाशी व भिंतींवर जिवाणूंची नवी पिढी जन्माला येतच असते. म्हणून हा दिवा दिवसातून तासभर लावून भागत नाही. तो अखंड चालावा लागतो.

विजेचा खर्च मात्र फारसा नाही. ११ वॅटचा दिवा अहोरात्र चालला तर महिन्याला सुमारे आठ युनिट वीज लागते. पंपाची वीज त्याहून वेगळी.

चुनखडीचे आवरण

यवतमाळ जिल्ह्यात या यंत्राची खरी परीक्षा होते ती पाण्याच्या गुणधर्मांमुळे. जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा आणि त्यावरील काळ्या मातीचा आहे. वणीच्या बाजूला चुनखडकाचे थर आहेत. वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्या याच दगडावर उभ्या राहिल्या. अशा भूभागातील विहिरी आणि बोअरवेलचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. साबणाला फेस न येणे, भांड्यांवर पांढरे डाग पडणे, पाणी तापविण्याच्या कॉइलवर पापुद्रा धरणे, ही त्याची घरगुती लक्षणे होत.

हाच पापुद्रा क्वार्ट्झच्या नळीवरही धरतो. दिव्याच्या उष्णतेने नळीचा पृष्ठभाग गरम राहतो, पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार तेथे विघटित होतात आणि चुनखडीचे पातळ आवरण साचते. डोळ्यांना ते धुरकट वाटते, पण 'सी' किरणांच्या दृष्टीने तो पडदाच असतो. दिवा आत जळत राहतो, वीज लागत राहते आणि पाणी मात्र कोरडेच, म्हणजे किरणांवाचून, निघून जाते. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत ही नळी महिन्या-दोन महिन्यांनी काढून पाहणे आवश्यक ठरते. लिंबूसत्त्वाच्या सौम्य द्रावणात किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ती काही वेळ बुडवून मऊ कापडाने पुसली की आवरण निघते. तारेच्या घासणीने किंवा राखेने घासल्यास नळीवर ओरखडे पडतात आणि पुढचे आवरण अधिक घट्ट बसते.

या अडचणीवरचा एक विलक्षण उपाय एका मराठी शास्त्रज्ञाने शोधला होता. मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संशोधन करणारे डॉ. अशोक गाडगीळ यांनी १९९२-९३ मध्ये बंगालच्या परिसरात पसरलेल्या कॉलऱ्याच्या साथीनंतर खेड्यांसाठी स्वस्त जलशुद्धीकरण यंत्र तयार केले. 'यूव्ही वॉटरवर्क्स' या नावाच्या त्या यंत्रात दिवा पाण्यात बुडालेला नसतो. तो वाहत्या पाण्याच्या वर टांगलेला असतो. पाण्याचा स्पर्शच नसल्याने क्षार साचण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी हे यंत्र एका साध्या बल्बइतक्या विजेवर निर्जंतुक करते. डॉ. गाडगीळ यांना २०२३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान व नवोन्मेष पदक प्रदान करण्यात आले. कासवाच्या टाकीसाठी मिळणारी बहुतेक यंत्रे मात्र बुडत्या नळीचीच असतात. त्यामुळे नळीची निगा हे काम मालकाच्याच वाट्याला येते.

क्षारांनंतर येते ती माती. पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांचे पाणी काळ्या मातीने गढूळ होते. अंगणातल्या हौदात पावसाबरोबर अशी माती वाहून आली की तिचे सूक्ष्म कण दिवसेंदिवस तरंगत राहतात. त्या कणांच्या सावलीत जिवाणू दिव्यापुढून सुखरूप निसटतात. खाद्य कुजून पाण्याला आलेला पिवळट रंगही किरण शोषून घेतो. म्हणूनच या यंत्राचा क्रम नेहमी फिल्टरच्या नंतर असतो, आधी नव्हे. आधी गाळणे, मग निर्जंतुक करणे, हा नियम नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रालाही लागू आहे आणि घरच्या टाकीलाही.

जे दिव्यापुढून जात नाही

टाकीतील सर्वांत घातक घाण डोळ्यांना दिसत नाही आणि दिव्याला जुमानत नाही. कासवाच्या उत्सर्जनातून व कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो जंतू नसून रसायन आहे. यंत्राच्या दिव्याचा त्यावर परिणाम होत नाही. पाणी जितके अल्कधर्मी आणि उष्ण, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. सामू ७ आणि तापमान २५ अंश असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू साडेआठ आणि तापमान ३० अंश झाले की हाच अंश २० टक्क्यांवर जातो. क्षारयुक्त पाणी आणि वैशाखाचे ऊन, ही यवतमाळची जोडी येथे आगीत तेल ओतते. कासव हवेतून श्वास घेत असल्याने ते माशांसारखे लगेच दगावत नाही. पण त्याचे डोळे सुजणे, कातडी लालसर होणे, खाणे सुटणे ही लक्षणे पुष्कळदा अशाच पाण्यातून येतात. त्याच तळ्यात मासे असतील, तर पहिला बळी त्यांचा जातो.

अमोनियावरचा उपाय म्हणजे जिवाणूच. फिल्टरमधील स्पंज, खडे किंवा मातीच्या कड्यांवर उपकारक जिवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती बसायला साधारण महिना-दीड महिना लागतो. अतिनील दिवा या जिवाणूंनाही मारेल, अशी शंका अनेकांना येते. मात्र ते फिल्टरच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात, पाण्याबरोबर दिव्यापुढे फारसे येत नाहीत. त्यांचा खरा शत्रू वेगळाच आहे : फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली खसाखसा धुण्याची सवय. हा स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने पिळून काढावा.

तळाशी साचलेला गाळ, काचेवरचा बुळबुळीत थर, दगडांना चिकटलेले केसाळ शेवाळ यांपैकी काहीच दिव्यापुढून जात नाही. दिवा हिरवे पाणी साफ करतो ते तरंगणारे सूक्ष्म शेवाळ मारून. पण त्या शेवाळाला पोसणारे नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यातच राहतात. उलट मेलेले शेवाळ कुजून त्यात भरच घालते. म्हणून दिवा लावल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात फिल्टर नेहमीपेक्षा लवकर तुंबतो. तो त्या वेळी साफ केला नाही, तर पाणी दिसायला काचेसारखे आणि गुणाने पूर्वीपेक्षा वाईट, अशी स्थिती येते.

यवतमाळकरांना ही गोष्ट समजायला कठीण जाऊ नये. जिल्ह्यातील पांढरकवडा, झरी-जामणी या बाजूच्या अनेक गावांत भूजलातील फ्लोराइडने दातांचे आणि हाडांचे विकार निर्माण केले आहेत. घरातील केवळ अतिनील दिव्याचे जलशुद्धीकरण यंत्र या पाण्यातील जंतू मारते, पण फ्लोराइडचा एक कणही कमी करीत नाही. पेला तोच, पाणी नितळ तेच, आणि विषही तेच. जंतू हा एक दोष आणि विरघळलेले रसायन हा दुसरा. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

मुलांचे हात आणि साल्मोनेला

कासवाच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. त्यांनी कासवाला काहीही होत नाही. ते खाते, पोहते, धडधाकट दिसते. माणसाला मात्र त्यांच्यामुळे जुलाब, ताप, उलट्या होतात आणि पाच वर्षांखालील बालके, वृद्ध, गर्भवती व दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णांत हा आजार गंभीर वळण घेऊ शकतो. लहान मुले छोटी कासवे हाताळतात, प्रसंगी तोंडातही घालतात. म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. ती अद्याप लागू आहे. तरीही छोट्या कासवांमुळे साल्मोनेलाचे उद्रेक त्या देशात वारंवार नोंदले जातात.

अतिनील दिवा टाकीतल्या पाण्यामधील साल्मोनेला कमी करू शकतो. पण कासवाच्या पोटातील, कवचावरील आणि तळाच्या गाळातील जिवाणूंपर्यंत तो पोहोचत नाही. 'यंत्र बसविले आहे, आता पाण्यात हात घातला तरी चालेल' हा दिलासा फसवा आहे. कासवाला किंवा टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, टाकीची भांडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर न धुणे आणि लहान मुलांना कासव हाताळू न देणे, या तीन गोष्टींना कोणतेही यंत्र पर्याय ठरत नाही.

दोन दिव्यांचा घोटाळा

'कासवाला यूव्ही दिवा लागतो' हे वाक्य अर्धवट ऐकल्यामुळे होणारी गल्लत विशेष घातक आहे. कासवाला लागतो तो 'बी' किरणांचा दिवा. या किरणांमुळे त्याच्या त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे आहारातील कॅल्शियम हाडांत व कवचात जाते. ते मिळाले नाही तर कवच मऊ पडते, पाय वाकतात. हा दिवा टाकीबाहेर, कासवाच्या विसाव्याच्या दगडावर प्रकाश पडेल असा लावतात.

निर्जंतुकीकरणाचा दिवा 'सी' किरणांचा. तो नळकांड्याच्या आतच राहिला पाहिजे. तो उघडा करून टाकीवर टांगल्यास कासवाच्या आणि माणसाच्याही डोळ्यांना व त्वचेला इजा होते. सुरू असताना तो उघडून पाहणे तर कटाक्षाने टाळावे. नळकांड्याच्या झरोक्यातून दिसणारी फिकट निळी आभा ही केवळ दिवा चालू असल्याची खूण असते.

'बी' किरणांसाठी यवतमाळात दिव्याची तितकी गरजही नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात, सावलीचीही सोय ठेवून, कासवाला अर्धा-पाऊण तास मोकळ्या हवेत ठेवले तरी पुष्कळ काम भागते. मात्र खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही, कारण काच हे किरण अडविते. काचेची बंद टाकीच उन्हात ठेवणे हा तर जिवावरचा खेळ. पाणी पाहता पाहता तापते.

निवड आणि निगा

यंत्र घेताना केवळ वॅट पाहू नयेत. दिलेल्या वॅटला किती प्रवाह चालतो, हे खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेले असते आणि तेथे बहुधा शेवाळासाठी एक व जंतूंसाठी दुसरा असे दोन आकडे असतात. जंतूंसाठीचा प्रवाह नेहमी कमी असतो. आपला पंप त्या मर्यादेत बसतो का, ते पाहावे. पाणी उंच चढवावे लागले, की पंपाचा प्रत्यक्ष प्रवाह छापील आकड्याहून कमी होतो, हेही ध्यानात घ्यावे.

दिव्याचे आयुष्य साधारण आठ ते नऊ हजार तास, म्हणजे अखंड चालल्यास सुमारे एक वर्ष. त्यानंतरही तो निळा दिसत राहतो, पण 'सी' किरणांचे प्रमाण बरेच घटलेले असते. तो बसविल्याची तारीख नळकांड्यावर लिहून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. जुन्या दिव्यात पारा असतो. तो फोडून कचऱ्यात टाकू नये.

भारनियमनाच्या काळात पंप थांबला आणि दिवा वेगळ्या जोडणीवर चालू राहिला, तर नळकांड्यातील साचलेले पाणी तापते व यंत्र बिघडते. दोन्ही एकाच बटनावर असावेत. वीज परतल्यावर दोन्ही सुरू झाले की नाही, हे पाहण्याची सवय ठेवावी. अंगणातल्या तळ्यासाठी वीजगळती झाल्यास प्रवाह तोडणारा 'आरसीसीबी' बसविल्याखेरीज पाण्याजवळ वीज नेऊच नये. पाण्यात औषध टाकले असेल तर उपचार संपेपर्यंत दिवा बंद ठेवणे इष्ट, कारण काही औषधे या किरणांनी निकामी होतात.

उघड्या तळ्याचे आणखी एक सोपे औषध म्हणजे सावली. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि अडीच फूट खोल तळ्यात सुमारे ५,६०० लिटर पाणी मावते. तेवढे पाणी फिरवायला मोठा पंप आणि मोठा दिवा लागतो. त्याआधी तळ्याचा निम्मा भाग हिरव्या जाळीने किंवा कमळाच्या पानांनी झाकला, तर शेवाळाची वाढ मुळातच मंदावते. जलपर्णी मात्र टाळावी. ती पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात गेली की आवरणे कठीण.

पाण्याची बचत होते का?

यवतमाळ शहराने २०१८ च्या उन्हाळ्यात भीषण टंचाई अनुभवली. शहराला पाणी पुरविणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले आणि टँकरवर दिवस काढावे लागले. अशा शहरात 'यंत्र बसवा, पाणी बदलायची कटकट संपवा' हे आश्वासन मोहात पाडते. ते खरे नाही. फिल्टर आणि दिवा दोन्ही उत्तम चालले तरी नायट्रेट साचत जाते आणि बाष्पीभवनाने क्षार दाटत जातात. ते बाहेर काढण्याचा घरगुती मार्ग एकच : दर आठवड्याला टाकीतील चौथा हिस्सा तरी पाणी बदलणे. १२७ लिटरच्या टाकीसाठी हे सुमारे ३२ लिटर, म्हणजे दोन बादल्या झाल्या. नळाचे पाणी असेल तर ते दिवसभर उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन उडून जाऊ द्यावा.

बचतीची वाट दुसरीकडे आहे. कासवाला वेगळ्या घमेल्यात खाऊ घातले, तर टाकीतील घाण बरीच कमी होते. उरलेले खाद्य लगेच काढले, तर फिल्टरवरचा भार हलका होतो. काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने जास्वंद, मोगरा, कडुनिंब यांना ते खतपाणीच ठरते. मात्र कोथिंबीर, पालक अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या वा पानांच्या भाज्यांवर ते कधीही शिंपडू नये. कारण पुन्हा तेच, साल्मोनेला.

कोणते कासव?

हा सारा खटाटोप कोणत्या कासवासाठी, हा प्रश्न खरे तर सर्वांत आधीचा आहे. विदर्भातील तळ्यांत, नाल्यांत आढळणारे मऊ पाठीचे 'फ्लॅपशेल' कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. शेतात सापडले म्हणून, धनलाभ होतो म्हणून किंवा वास्तुशास्त्रात सांगितले म्हणून ते घरी ठेवणे हा गुन्हा असून, त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले भूकासवही कायद्याने संरक्षित आहे आणि त्याला तर टाकीची गरजच नसते. अशी कासवे आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळविणे योग्य.

दुकानांत सर्रास विकले जाते ते डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले 'रेड इअर्ड स्लायडर', मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. विकत घेताना ते तळहातावर मावते, पण पुढे त्याचे कवच दहा-बारा इंचांपर्यंत वाढते आणि ते पंचवीस-तीस वर्षे जगू शकते. छोट्या टाकीतील पाणी वारंवार बिघडते याचे मूळ कारण पुष्कळदा हेच असते, की कासव वाढले आणि टाकी तेवढीच राहिली. कंटाळून ते जलाशयात किंवा नदीत सोडून देणे हा तर मोठा अपराध. जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत या कासवाचा समावेश आहे आणि बेंबळा किंवा पैनगंगेतील देशी कासवांच्या खाद्यावर व जागेवर ते अतिक्रमण करील. विशिष्ट विदेशी प्राण्यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये नियम केले आहेत. आपला प्राणी त्यात मोडतो का, याची वन विभागाकडून खात्री करून घेणे हिताचे.

तात्पर्य, अतिनील दिवा निरुपयोगी नाही. फिल्टर चांगला, टाकी पुरेशी मोठी, पाणीबदल नियमित आणि खाद्य मोजके असेल, तर तो रोगजंतूंचे प्रमाण घटवितो व हिरवे पाणी निवळतो. म्हणजे तो स्वच्छतेच्या साखळीतला शेवटचा दुवा आहे. आधीचे दुवे निखळले असतील तर तो फक्त घाण लपवितो. म्हणून कासवाच्या टाकीकडे पाहताना डोळ्यांवर विसंबून चालणार नाही. पाण्याचा वास, फिल्टरमधील गाळ, कासवाची भूक आणि त्याचे डोळे यांवरून पाण्याची खरी पारख होते. या चार खुणा ठीक असतील, तर दिव्याची निळी आभा काही सांगते असे म्हणता येईल.